पाग, पेंढी, बांध, चिंबोरी

जांभूळ गावात कुणी काही अचाट सांगायला लागलं की ऐकणारा म्हणतो, "ही बुधाजीची बात दिसतेय," आणि विषय तिथंच संपतो. बुधाजीने हे नाव फुकट कमावलेलं नाही. वॉटर वर्क्सवर व्हॉल्व्ह फिरवण्यात त्याची उमर गेली, घरची भातशेती बायकोने, पुतळाबाईने सांभाळली, आणि ड्यूटी सुटली की हा गडी खांद्यावर पाग टाकून उल्हास नदीवर. पाग म्हणजे फेकायचं गोल जाळं. दोरी मनगटाला, घेर पाण्यावर. मासे म्हणाल तर घरच्या कालवणापुरते मिळायचे, पण गोष्टी टोपलीभर यायच्या. एकदा म्हणे पागात ढग अडकला. ओढता ओढता बुधाजी पार बदलापूरच्या पुलापर्यंत गेला, शेवटी दया येऊन त्याने ढगाला सोडलं, तेव्हा ढग खाली वाकून म्हणाला, "बुधाजीशेठ, उपकार झाले." एकदा एका म्हाताऱ्या मरळ माशाने त्याच्याकडे तंबाखू मागितला. पुतळाबाई होती तोवर चुलीपुढून म्हणायची, "उचलली जीभ, लावली टाळ्याला." मग थोड्या वेळाने हळूच विचारायची, "दिलास का पण त्याला?"

त्याची मुलगी उन्नती लहानपणी हे सगळं खरं मानायची. मोठी झाल्यावर खरं मानणं सुटलं, ऐकणं काही सुटलं नाही. थोरला कमलेश मात्र बापावर गेलाच नाही. तो पाईप फिटिंगची कामं घेतो, त्याचा एक इंच म्हणजे एक इंच. शाळेत पोरं त्याला 'ढगवाल्याचा' म्हणून चिडवायची, ते त्याच्या मनातून अजून गेलेलं नाही. आणि त्याला तरी का बोल लावा? थापाड्या बाप शेजाऱ्याचा असला की गोड वाटतो.

तर असा हा बुधाजी मागच्या उन्हाळ्यात एका दुपारी झोपून उठला आणि म्हणाला, "लाईट गेली काय?"

बाहेर लख्ख ऊन होतं. सून विनिता हसली. सुट्टी म्हणून घरी असलेली उन्नतीही हसली. बाबाची नवी बात आली, एवढंच दोघींना वाटलं. मग त्याचा हात भिंत शोधायला लागला. "मना काय दिसत नाय, बाय," तो म्हणाला, आणि उन्नतीने धावत जाऊन तो हात धरला.

इस्पितळात डॉक्टरांनी डोळ्यांत बॅटरी मारून बघितली, डोक्याचे फोटो काढले, आणि घरच्यांना आत बोलावलं. "यांचे डोळे एकदम ठीक आहेत," डॉक्टर म्हणाले. नेमका तेव्हाच कमलेशचा फोन वाजला आणि तो बाहेर गेला. पुढचं उन्नतीने एकटीने ऐकलं. डोळे ठीक आहेत, पण मेंदूच्या मागच्या भागात, जिथं डोळ्यांनी आणलेलं चित्र उमटतं, तिथला रक्तपुरवठा तुटलाय. आता चित्र उमटणार नाही. तिने हे भावाला घरी आल्यावर समजावून सांगितलं, पण माणूस पहिलं ऐकलेलं वाक्य घट्ट धरतो. डोळे एकदम ठीक आहेत, हे कमलेशने डॉक्टरच्या तोंडून ऐकलं होतं. बाकीचं बहिणीच्या तोंडून.

तरी तेही निभावलं असतं. पण एका सकाळी विनिताने दोरीवरचा टॉवेल काढून ओट्यावरून कमलेशकडे भिरकावला, आणि मध्ये बसलेल्या बुधाजीने चटकन मान खाली घातली. टॉवेल डोक्यावरून गेला. विनिता, कमलेश आणि दारातली उन्नती एकमेकांकडे बघत राहिली, म्हणजे ज्यांना बघता येत होतं ती.

"बाबा, कसा वाकलास?" कमलेशने विचारलं.

"कधी वाकलो?"

त्या दिवसापासून कमलेशने बापाची परीक्षा घ्यायला सुरुवात केली. जाता-येता तो त्याच्या तोंडापुढे, डोक्यावर एकदम हात उगारायचा. दर वेळी बुधाजीची मान मागे जायची, आणि दर वेळी तो म्हणायचा की मना काय दिसत नाय. मग कमलेशने घरात सांगून टाकलं की कुणी त्याचा हात धरायचा नाही, त्याला दिसतंय. बुधाजी एकटा निघाला आणि न्हाणीच्या उंबऱ्याला अडखळून पडला, नडगी सोलवटून निघाली. हळद लावायला विनिता वाकली तर कमलेश दारातून म्हणाला, "उंबरा दिसत नाही आणि टॉवेल दिसतो. सोयीचं आंधळेपण आहे."

उन्नती त्याच्याशी कडाकडा भांडली. पण खरं सांगायचं तर तोच प्रश्न तिलाही पडायचा. उंबरा का दिसत नाही आणि टॉवेल का दिसतो? जन्मभर 'लांडगा आला रे आला' केलेल्या माणसाकडे खरोखरचा लांडगा आला, तर त्याने ओरडायचं तरी कसं? बुधाजीने ओरडणंच सोडलं. ढग नाही, मरळ नाही, साधं पाणी मागायचं तरी भिंतीला सांगितल्यासारखं. संध्याकाळी ओट्यावर बसायचा आणि नदीच्या बाजूला तोंड करून गप्प राहायचा. बाबाचे डोळे गेले त्यापेक्षा बाबाच्या बाता गेल्या, याचं उन्नतीला जास्त रडू यायचं.

उन्नती उल्हासनगरला कामाला जाते, कॅम्प चारमध्ये, हितेशभाईंकडे. हे गृहस्थ आधी जीन्सच्या खिशांवरच्या भरतकामाचे नमुने कॉम्प्युटरवर काढून द्यायचे. तो धंदा बसला तसं त्यांनी भलतंच काम धरलं. कुठकुठले शास्त्रज्ञ उंदराच्या मेंदूचे पातळ काप करून त्यांचे फोटो काढतात. त्या फोटोंत एकेक पेशी कुठून निघते, तिच्या फांद्या कुठवर जातात, याचा माग काढून ती रंगवायची. मशीन आधी रंगवतं, पण मशीनला भान नसतं, हिची फांदी तिला जोडून मोकळं होतं. ते निस्तरायला माणूस लागतो. म्हणून खिशावर मोर काढणाऱ्या पोरी उंदराच्या मेंदूत शिरल्या.

उन्नतीला ते काम आवडायचं, का ते तिला सांगता आलं नसतं. खाली टेम्पो हॉर्न मारतायत, समोरचा कापडवाला सिंधीत फोनवर भांडतोय, आणि ही काळ्या पडद्यावर एका हिरव्या धाग्याचं बोट धरून वर वर चाललीय. धागा फुटतो, एकाचे दोन होतात, दोघांचे सहा. मध्येच दुसरा जांभळा धागा जवळून जातो, शिवत नाही. दुपारी डोळे जड झाले की तिला वाटायचं आपण पाण्याखाली आहोत, शेवाळातून हात मारत चाललोय, आणि वर कुठंतरी उजेड आहे. ज्या थरांतून ती हिंडायची ते मेंदूच्या मध्यातले वरचे थर होते, जिथं डोळ्यांकडून सरळ बातमी येते. तिथल्या पेशींच्या चार मुख्य तऱ्हा शिकवताना सांगितल्या होत्या. त्यांची इंग्रजी नावं अशी की बोलताना जिभेला गाठ पडावी.

एका संध्याकाळी बाबाला बोलतं करायचं म्हणून ती ओट्यावर त्याच्या शेजारी बसली आणि आज काय रंगवलं ते सांगत सुटली. "खाली एक बारका गोळा असतो, बाबा. त्यातून फांद्या तिरक्या तिरक्या वर जातात आणि फाकत फाकत पार वरच्या थराला भिडतात. एवढासा जीव, पण पसारा केवढा."

बुधाजीने तिच्याकडे कान केला. मग म्हणाला, "पाग."

"काय?"

"पाग टाकलाय त्यानं. गोळा म्हणजे मूठ. मूठ लहान, घेर मोठा." त्याने बसल्या बसल्या मनगट वळवलं, हवेत फेकल्यासारखं.

उन्नतीने लगेच दुसरी तऱ्हा सांगितली. हीपण उभीच, पण फाकत नाही, फांद्या वर-खाली अंगाशी घट्ट. "भाताची पेंढी," बुधाजी म्हणाला. तिसरी आडवी, थराच्या कडेने लांबच लांब पसरलेली. "तो बांध." चौथी लहानशी, चहूबाजूंनी पाय काढून बसलेली. "हात्तिच्या, ती चिंबोरी. खेकडाच तो," बुधाजी म्हणाला, आणि कित्येक दिवसांत पहिल्यांदा त्याच्या मिशीखाली काहीतरी हललं. "उंदराच्या डोक्यात आपला सगळा गाव हाय की, बाय."

दुसऱ्या दिवसापासून हितेशभाईंच्या दुकानात हीच नावं रुळली. पोरी ओरडून विचारायच्या, "ए, ही पेंढी की पाग गं?" पडद्यावर प्रत्येक पेशीपुढे तिची तऱ्हा लिहायची जागा असते. कामाच्या घाईत उन्नती तिथं इंग्रजी अक्षरांत हीच नावं लिहायची, आणि फाईल पाठवण्याआधी बदलून ठरलेली नावं टाकायची. एकदा गठ्ठा मोठा होता. तिने पेंढी बदलली, बांध बदलला, चिंबोरी बदलली. पागावरून मात्र तिची नजर सरळ पुढे गेली. इतक्या दिवसांत तिच्या लेखी ते त्या पेशीचं खरंच नाव झालं होतं, आणि खऱ्या नावात चूक कुणी शोधत नाही.

चार दिवसांनी हितेशभाई घाम पुसत आले. "अरे उन्नती, क्या किया तूने? राजसी मॅडमचा फोन आलाय, व्हिडिओवर. एकदम गरम आहेत."

राजसी मॅडम म्हणजे ज्यांच्या लॅबचं ते काम होतं त्या बाई. मराठीच, पण राहायला बंगलोरला. पडद्यावर त्या कपाळाला हात लावून बसल्या होत्या. "उन्नती, तुम्ही पन्नासेक पेशींना पी-ए-जी लिहिलंय. पी-ए-जी हा मेंदूचा वेगळाच भाग आहे, आपल्या थरांच्या कितीतरी खाली. माझा विद्यार्थी दोन दिवस डोकं धरून बसलाय की वरच्या पेशी खाली कशा घसरल्या."

उन्नतीला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. "मॅडम, ते पी-ए-जी नाही," ती म्हणाली. "ते पाग आहे."

"म्हणजे?"

मग तिने सगळं सांगितलं. मूठ आणि घेर, पेंढी, बांध, चिंबोरी, ही नावं कुणी ठेवली तेही. राजसी मॅडम ऐकत राहिल्या, आणि मग अशा हसल्या की त्यांच्या चष्म्यावर वाफ धरली. "चूक ती चूकच, दुरुस्त करून पाठवा," त्या म्हणाल्या. "पण पाग छान आहे. आणि त्याचं कामही तसंच आहे बघा. उंदरावर घारीची सावली झेपावली की ती या पागात सापडते. उंदीर जागच्या जागी थिजतो. पेंढ्यांचं काम निराळं, समोर किडा पळाला की त्याच्या मागे वळायला त्या मदत करतात. निदान आम्हाला आत्तापर्यंत तसं दिसतंय."

"घार आहे हे उंदराला कळतं?"

"कळायला वेळ कुठंय? कळण्याचं काम मेंदूच्या मागच्या भागात चालतं. हा मधला भाग त्याच्यापेक्षा पुरातन. तो चित्र बघत नाही. काहीतरी हललं, काहीतरी अंगावर आलं, एवढंच त्याला पुरतं."

उन्नतीच्या कानात एकदम शांतता पसरली. हॉर्न थांबले, कापडवाला थांबला. उन्हात भिरभिरत आलेला टॉवेल तिला दिसला आणि त्याखाली वाकलेली बाबाची मान. तिने विचारलं, "मॅडम, हा मधला भाग माणसात असतो?"

"असतो."

"मागचा भाग गेला, तरी मधला राहतो?"

राजसी मॅडमनी चष्मा काढला. "कुणाबद्दल विचारताय तुम्ही?"

उन्नतीने सांगितलं. टॉवेलापासून सुरुवात करून तिने पुरतं सांगितलं; उंबरासुद्धा. राजसी मॅडम हळू बोलल्या. "मी पेशींची डॉक्टर, माणसांची नाही. त्यांना मेंदूच्या डॉक्टरांना पुन्हा दाखवा. पण अशी माणसं असतात, हे नक्की. उंबरा हलत नाही म्हणून सापडत नाही, टॉवेल हलतो म्हणून सापडतो. त्यांना दिसतंय का असं विचारलं तर ती नाही म्हणणार, आणि खरंच सांगत असणार. तपासणारे त्यांना वेगळं विचारतात. नुसता अंदाज करा, ठोकून द्या, कुठल्या बाजूला हललं? ती म्हणतात, मी वाटेल ते बोलतोय. आणि उत्तर बरेचदा बरोबर येतं."

ठोकून द्या, हे शब्द घेऊन उन्नती त्या दिवशी घरी आली.

रविवारी सकाळी तिने बाबाला ओट्यावर बसवलं, समोर स्वतः बसली आणि विनिताची लाल ओढणी घेतली. कमलेश दाराच्या चौकटीला टेकून उभा होता. त्याला तिने आधीच सगळं सांगितलं होतं, आणि तो म्हणाला होता, "आता उंदरांवरून बाप शिकवणार तू मला."

"बाबा," उन्नती म्हणाली, "मी ओढणी हलवते. डावीकडे की उजवीकडे, सांग."

"मना दिसत नाय."

"ठाऊक आहे. बघू नकोस. थाप मार."

बुधाजीचा चेहरा दगडासारखा झाला. "थापा सोडल्या मी," तो म्हणाला. "खरं बोललो तर खोटा ठरलो. आता खोटं बोलून काय मिळवायचं राहिलं?"

"माझ्यासाठी मार. फक्त एकदा."

तो उसासला. ओढणी हलली. "डावीकडं," तो म्हणाला, कुणाला तरी टाळायचं म्हणून बोलावं तसा. ओढणी डावीकडेच होती. पुन्हा हलली. "डावीकडं." पुन्हा. "उजवीकडं घाल." तिन्ही बरोबर. मध्ये तो चुकलाही, आणि उन्नतीने ओढणी नुसती स्थिर धरली तेव्हा त्याचं सपशेल फसलं, पण हलत्या ओढणीला तो चार वेळांत जेमतेम एकदा चुकत होता. त्याला स्वतःला यातलं काही ठाऊक नव्हतं. तो कंटाळून थापा मारत होता आणि त्या खऱ्या होत होत्या.

हातच्या काकणाला आरसा कशाला? तरी कमलेश पुढे आला, काही न बोलता बहिणीच्या हातातून ओढणी घेतली आणि स्वतः हलवली. त्याने फसवूनही बघितलं. एका बाजूला नेतोय असं दाखवून दुसरीकडे फिरवली. "उजवीकडं," बुधाजी म्हणाला. "आता डावीकडं. बाय, पुरे कर, हात दुखतील तुझे."

कमलेशचा हात खाली आला. समोर कोण आहे हे बापाला ठाऊक नाही, हे त्याला त्या एका वाक्याने कळलं.

"बाबा," उन्नती म्हणाली, "बहुतेक सगळं बरोबर आलं. तुझ्या अंगाला दिसतं. तुला दिसत नाही, पण अंगाला दिसतं. आत तो पाग अजून आहे, आणि तो आपोआप टाकला जातो. तू वाकलास ते खरं, आणि दिसत नाही म्हणालास तेही खरं."

बुधाजीने नदीच्या बाजूला तोंड फिरवलं.

"मनाच वाटाया लागलं होतं, बाय," तो म्हणाला, "का मी ढोंग करतोय. रोज उठून बघायचो, आज तरी खरं सांगतो का स्वतःला. माझाच माझ्यावर इश्वास उडाला होता." आणि तो रडला, अगदी साधा, आवाज न करता, धोतराचा सोगा तोंडाला लावून.

आता कमलेश काही वाईट माणूस नव्हे. त्याचं काळीज तिथंच फाटलं. माफी मागायला त्याच्याकडे शब्द नव्हते, शब्द सगळे बापाने आधीच वापरून टाकले होते. तो पुढे झाला आणि बापाच्या डोक्यावरून हात फिरवायला त्याने हात उचलला.

बुधाजी अंग चोरून खाली वाकला. दोन्ही हात डोक्यावर आले, कोपरं कानांशी. इतके महिने वरून येणारा तो एकच हात त्याच्या अंगाला माहीत होता.

कमलेशचा हात हवेत राहिला. विनिता दारात तोंडावर पदर घेऊन उभी. मग कमलेश ओट्याखाली उतरला आणि मातीत बसला, बापाच्या गुडघ्यापेक्षा खाली. त्याने हात जमिनीजवळून आणला, हळू, इतका हळू की तो हलतोय की नाही कळू नये.

"बाबा," तो म्हणाला, "मी आहे. कमल्या. पायाला हात लावतोय."

बुधाजीचे हात डोक्यावरून खाली आले, पण अर्धेच. नडगीवरच्या त्या जुन्या वणावर मुलाची बोटं टेकली तेव्हा तो एकदा थरथरला.

"तू आहेस ते मना ठाऊक हाय," तो म्हणाला. "अंगाला कळायचंय अजून. बस जरा तिथंच."